म्हशीची बादली

मांडवात उरलेल्या अन्नाविषयी मी चारचौघांत भरपूर बोलते, अगदी ऐकणाऱ्याला कंटाळा येईपर्यंत. पण त्यातल्या एका बादलीविषयी आजवर चकार शब्द काढलेला नाही. नवऱ्यापाशी नाही, मैत्रिणीपाशी नाही. देवापुढं उभी राहिले तरी पोरांच्या परीक्षांचं बोलते, घंटा वाजवते आणि निघते. मग तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आमचं कॅटरिंग आहे. कुसगावात एका लॉनला लागूनच आमचा भटारखाना. लग्नं, साखरपुडे, मुंजी, मुंबईकरांच्या पन्नाशा नि साठ्या — काहीही असो, जेवण आमचं. नवरा आचाऱ्यांकडं बघतो, मी वाढप आणि मागचं आवरणं. मागचं म्हणजे खरकटं. पाहुण्यांना पुढचा दरवाजा दिसतो, फुलांची कमान दिसते. मला गेली कित्येक वर्षं फक्त निळी पिंपं दिसतात. पाच भाज्या, त्यातल्या दोन कुणी ओळखतही नाही. लोक ताट शिगोशीग भरतात, अर्धं खातात, आणि आईस्क्रीमच्या रांगेत उभं राहायला ताट पिंपात उपडं करतात. सुरुवातीला माझा जीव तुटायचा. नंतर सवय झाली — कशाची होत नाही? उरलंसुरलं कधी डुकरंवाला टेम्पोतून न्यायचा, तो आला नाही तर मागच्या खड्ड्यात जायचं.

आणि थोडं म्हशीला जायचं.

आजूबाजूच्या गावांतल्या बायका बादल्या घेऊन येतात. भात, पोळ्या, डाळ, भाजी सगळं एकत्र कालवून म्हशीपुढं ठेवलं की ती खाते. यात कुणालाच काही वाटत नाही. उष्टं माणसानं न्यायचं नसतं, पण म्हशीला चालतं. म्हणून आमच्याकडं पद्धतच अशी — बादली पुढं आली की पिंपातलं सगळं एकत्र ओतायचं, वर पातळ डाळीचा डबरा रिकामा करायचा, आणि हातभर लांब पळ्यानं ढवळून द्यायचं. हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढचं — थांबा. क्रमानं सांगते.

माझी आत्या आंदर मावळातली. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. बापानं मला उचलून बहिणीच्या दारात ठेवलं. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेलेला. दोन भातखाचरं, एक म्हैस आणि मी, एवढाच तिचा संसार. तिनं मला वाढवलं, दूध विकून शिकवलं, लग्न करून दिलं. या उपकारांचं मी पुढं काय केलं तेच सांगायला बसले आहे.

आत्या मानी होती. सहा-सात वर्षांची असेन, गावात कुणाच्या तरी लग्नात उठलेल्या पंगतीतल्या एका पत्रावळीवर अख्खा लाडू राहिला होता. मी तो उचलला. तोंडाशी नेईपर्यंत गालावर अशी बसली की कान वाजले. "उष्टं खातीस? भिकाऱ्याची हायस का गं तू?" लाडू मातीत पडला. घरी नेऊन रडली मात्र तीच, मी नाही. रात्री तिनं नाचणीची भाकरी गुळाशी कुस्करून लाडू वळून दिला. ही गोष्ट मी गमतीनं सांगते लोकांना, लोक हसतात. पुढचं सांगत नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी आत्या पहिल्यांदा बादली घेऊन लॉनवर आली. रंगाची रिकामी बादली, झाकणाची. एसटीनं कामशेत, तिथून वडापची जीप. मला म्हणाली, "म्हशीला लय पेंड लागती गं आता. तुज्याकडं वाया जातंय, तर नेती झालं." मी तिला आधी जेवायला बसवलं. ती म्हणाली, जेवून आलेय. मी आग्रह केला, ती हलली नाही. मग मी बादली भरून दिली. बरंही वाटलं मला — आत्याचं काहीतरी केल्यासारखं.

एका बादलीसाठी एक बाई दोन गाड्या बदलून एवढ्या लांबून येते? कोण येतं असं? हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडलाही असेल. मी तो विचारला नाही.

त्या वर्षी जत्रेला गावी गेले. आत्याच्या गोठ्यात सरपण रचलेलं होतं, अगदी आढ्यापर्यंत. गव्हाणीत कोळ्यांची जाळी. मी विचारलं, म्हैस कुठंय? आत्या चुलीकडं तोंड करून म्हणाली, "रानात गेलीय चरायला." जत्रेतून परतताना शेजारच्या काकूंनी सांगितलं, म्हैस विकून लय दिस झालं, गुडघ्यांमुळं व्हईना तिला. भातखाचरं वाट्यानं दिलेली, वाटेकरी देईल ते देईल. रेशनच्या दुकानात यंत्रावर तिचा अंगठा उठत नव्हता. जन्मभर शेण-माती करून बोटं झिजलेली, यंत्राला ती ओळखूच येत नव्हती. तालुक्याला जाऊन कागद करायचे होते. मी काकूंना म्हणाले, मी येते, घेऊन जाते तिला. नक्की येते.

गेले नाही. लग्नसराई होती. लग्नसराई संपली, मग शाळा सुरू झाल्या. मग — मग काही नव्हतं. तरी गेले नाही.

आत्या मात्र येत राहिली. आणि आता मला ठाऊक होतं की म्हैस नाही.

तरीही मनाशी म्हणत होते, कोंबड्या असतील. शेजारणीच्या गुरांना देत असेल. माणूस स्वतःला काय काय पटवतो नाही? एका दुपारी फुलांच्या टेम्पोला वाट दाखवायला मी रस्त्यावर आले. पलीकडं मारुतीच्या देवळामागं नळ आहे. तिथं आत्या उकिडवी बसली होती. बादलीतून ओंजळीनं भात काढायची, फडक्यात धरायची, वर पाणी सोडायची, आणि हलक्या हातानं पिळायची. पिवळं पाणी गटारात जात होतं. मग पुन्हा एक ओंजळ. डाळ, भाजी, कागदी रुमालाचे तुकडे वेगळे करत होती. किती नीट करत होती! भाताचं शीतही खाली सांडत नव्हतं. मधेच तिनं एक घास तोंडात टाकला, आणि इकडंतिकडं पाहिलं.

मी टेम्पोच्या आड झाले. ती लपली नव्हती, मी लपले.

तुम्ही म्हणाल, मग काय केलंस? हाक मारलीस? हात धरून घरी नेलंस? तेवढंच करायचं होतं, दहा पावलांवर होती. मी टेम्पोवाल्याला मागं घे, मागं घे म्हणत राहिले.

का, ते मला नीट सांगता येत नाही. थोडं सांगता येतं. हाक मारली असती तर मला कळलंय हे तिला कळलं असतं. मग तिला घरी आणावं लागलं असतं. सासूबाई होत्या तेव्हा, खोल्या तीन, पोरं मोठी होत चाललेली, नवरा काय म्हणेल कोण जाणे. आणि लोकांना काय सांगायचं? हजार पानांची जेवणं घालणाऱ्याच्या बायकोची आत्या, जिनं हिला वाढवलं ती, पिंपातलं धुऊन खाते? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ झाकली. मुठीत आत्या होती.

तिचा मान राखायचा म्हणून गप्प राहिले, असं मी कितीतरी दिवस धरून चालले होते. ते सोयीचं होतं. मान राखायचा तर पुढच्या वेळी बादलीत आधी स्वच्छ भात, वर केळीचं पान, त्यावर पोळ्या, असं काही करता आलं असतं. काही न बोलता. ती काही बोलली नसती, मीही नाही. पण म्हशीला कुणी पान घालून देतं का? बघणाऱ्याला शंका आली असती. म्हणून मी पळा घेऊन तसंच कालवत राहिले — मीच, स्वतःच्या हातानं. उलट जरा जास्तच. भातावर रबडी, त्यावर लोणचं, वर डाळ. कुणाच्या मनात येऊ नये की हे माणूस खाणार आहे.

आणि आता ते, ज्यासाठी हे सगळं सांगत आले.

तुंगार्लीच्या एका बंगलेवाल्याच्या मुलीचं लग्न होतं. पंगती उठल्यावर आत्या मागच्या दाराशी बादली घेऊन उभी. वधूची मावशी आणि आणखी दोघी-तिघी तिथंच, उरलेली मिठाई कुणाला किती वाटायची यावर वाद घालत होत्या. तेवढ्यात माझा नवरा आतून आला. हातात स्टीलचा डबा. हात न लागलेल्या पातेल्यातला गरम पुलाव, वर चार जिलब्या, कडेला बटाट्याची भाजी. त्याला काही ठाऊक नव्हतं. सरळ माणूस आहे तो, ज्याच्या नावानं मी स्वतःला घाबरवत होते तो. म्हणाला, "आत्या, म्हशीचं राहू द्या, हे तुमच्यासाठी. घरी गेल्यावर गरम करून खा."

आत्याचा हात पुढं आला. मी पाहिला. ती नाही म्हणाली नाही. उष्ट्या लाडवासाठी मला मारणारी ती बाई — जेवून आलेय म्हणाली नाही. हात नुसता पुढं आला, आणि डब्याच्या बुडाला लागला. गरम होता, तरी तिनं बोटं काढली नाहीत.

वधूची मावशी वळली. "या कोण हो?"

मी डबा आत्याच्या हातातून घेतला. हसले. म्हणाले, "गावाकडच्या आहेत. म्हशीसाठी नेतात. अहो, तुम्ही पण ना — डबा गेला की परत यायचा नाही." आणि डबा बादलीत उपडा केला. पुलाव, जिलब्या, सगळं. वर डाळ ओतली. आणि ढवळलं.

नवरा काहीतरी पुटपुटून आत गेला. बायका पुन्हा मिठाईकडं वळल्या. आत्यानं बादलीत पाहिलं, मग झाकण लावलं, चारी बाजूंनी दाबून. "व्हय," ती म्हणाली, "म्हशीला काय, समदं चालतं." आणि बादली उचलून, थोडी वाकडी होत, रस्त्याकडं गेली.

त्यानंतर ती आली नाही. मार्गशीर्ष गेला, माघातली लग्नं गेली. मागच्या दाराशी कुणी बादली टेकवली की मी वळून बघायची. शेवटी होळीनंतर एकदा गावी गेले. जाताना काय न्यावं? दुकानातून चिक्कीचा पुडा घेतला. दात नसलेल्या बाईला चिक्की. यावरूनच ओळखा माझं डोकं कुठं होतं.

अंगणात पोत्यावर भात वाळत घातला होता. धुतलेला, तरी पिवळसर, मधेमधे जिरं. एका जागी काजूचं अर्धुक. कुठल्या तरी दुसऱ्या मांडवातला. म्हणजे ती आता आणखी लांब जात होती, जिथं मी नाही तिथं. आत्या खूप वाळली होती, लुगड्यात बाईच नव्हती जणू. मला बघून हसली. माझी नजर पोत्यावर गेलेली तिनं पाहिली आणि पोत्याची कड भातावर ओढली. मग मला आत नेऊन पाटावर बसवलं, कोरा चहा ठेवला, माझ्या पोरांची एकेक करून चौकशी केली. डब्याचा विषय नाही, रागाचा शब्द नाही.

चहा गाळता गाळता म्हणाली, "सुमे, म्हैस इकली गं म्या. मागल्या आठवड्यात. आता बादलीला यायची न्हाई."

गोठा दाराबाहेरच होता. आढ्यापर्यंत सरपण. दोघींनाही बसल्या जागेवरून दिसत होतं. आणि ती सरळ माझ्याकडं बघत होती — डोळे चुकवत नव्हती, मीच चुकवत होते. तेव्हा मला कळलं की तिला सगळं ठाऊक आहे. मला ठाऊक असल्याचंही. कदाचित पहिल्या दिवसापासून.

तेव्हा तरी बोलायचं होतं. घरात आम्ही दोघीच होतो, ना वधूची मावशी, ना सासू, ना लोक. आत्या, चल माझ्याबरोबर — एवढे तीन शब्द. जिभेवर होते ते. आणि मी काय विचारलं?

"कुणाला दिलीस?"

"हायेत. बरं घर हाय," आत्या म्हणाली. "पोटभर घालत्यात तिला."

"बरं झालं," मी म्हणाले. "तुझी दगदग वाचली."

"व्हय," ती म्हणाली, आणि चहाची बशी माझ्याकडं सरकवली.

मी चहा प्यायले. एसटीची वेळ झाली म्हणून उठले. ती मला वळणापर्यंत पोचवायला आली, गुडघ्यांवर हात ठेवत, थांबत थांबत. पुढच्या पावसाळ्यात गेली. वयानं गेली असं सगळे म्हणतात. मीही तसंच म्हणते. म्हैस विकली म्हणून त्या चहाच्या दिवशी तिनं मला सोडवलं होतं, आणि मी सुटले, गाडीत बसले, घरी आले.