मनोऱ्यावरचे पाइप

आमच्या गॅलरीसमोर, खालचं बोलणं ऐकू येईल इतक्या जवळ, अग्निशमन केंद्राचा मनोरा आहे. आग विझवून आले की जवान ओले पाइप त्यावर उंच टांगतात. दुपारच्या उन्हात ते संथ डोलतात आणि टोकांतून पाणी ठिबकत राहतं. मी चहाचा कप धरून बघत बसते. घरातले मला रिकामटेकडी म्हणतात, म्हणोत बापडे.

दर गुरुवारी मनोऱ्याखालच्या बाकावर एक मानसोपचारतज्ज्ञ बाई येऊन बसतात. आपला दवाखाना बंद ठेवून येतात, पैसे घेत नाहीत. कुणी शेजारी बसलं तर ऐकतात, नाहीतर पाइपांकडे बघत राहतात.

एका गोदामाच्या आगीत एका कामगाराला वाचवता आलं नाही, तेव्हापासून केंद्रातले जुने जवान शिंदेमामा गप्प झाले होते. तीन गुरुवार ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला नुसतेच बसून उठून गेले. चौथ्या गुरुवारी बाईंनी विचारलं, "मामा, इतके उंच कशाला टांगता हो हे?"

"आत पाणी राहिलं की कुजतात, मॅडम. वरून सुके दिसतात." मग वर पाइपांकडे बघत म्हणाले, "त्याच्या हाका ऐकू येत होत्या मला."

मी उठून आत गेले. ते माझ्यासाठी नव्हतं.

आग विझली की आपण बघे घरी परततो. ती विझवणारं पाणी कुठे जातं, हे कधी मनातही येत नाही.

उन्हं कलल्यावर बाहेर आले. दोघं अजून बसलेलेच होते. वर पाइप ठिबकत होते, आणि ते उतरवायची कुणालाच घाई नव्हती.