यंत्राला आजोबांचं नाव

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५. ऊन चांगलं होतं. चिवड्याचे पातळ पोहे बाहेरच्या खोलीत उन्हाला घातले. दुपारी पुष्करच्या यंत्राने घोटाळा केला.

एवढं लिहून मंदाकिनीबाईंनी पेन खाली ठेवलं. 'घोटाळा' या शब्दात त्यांचा संताप मावत नव्हता.

केर काढायला नातवाने यंत्र आणलं, त्याला त्यांची हरकत नव्हती. पण पठ्ठ्याने त्याला आजोबांचं नाव दिलं होतं. "अगं आजी, प्रेमाने ठेवलंय. आजोबांसारखंच न बोलता घरभर फिरतं आणि कोपऱ्यात जाऊन बसतं." तेव्हापासून घरात एकच कल्ला. यज्ञेश्वर, मागे फिर! यज्ञेश्वर, कॉटखाली जा!

कसबा पेठेत सून म्हणून आल्यापासून मंदाकिनीबाईंनी हे नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. एरवी 'अहो'. रेशनच्या कचेरीत कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं, तर त्या कागदावर लिहून द्यायच्या. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बजावत, देवाचं नाव उगाच तोंडी आणायचं नाही. आईने घरी नवऱ्याच्या नावाचं तेच सांगितलं. यजमान गेले, तरी नेम मोडला नाही.

आणि आज ते यंत्र थेट पोह्यांवर निघालं.

"अहो! अहो, थांबा!" त्या ओरडल्या.

आतून नातसून अवनी हसत म्हणाली, "आजी, नाव घ्या! नावाशिवाय ते ऐकत नाही."

मंदाकिनीबाईंनी ओठ घट्ट मिटले. यंत्राने निम्मे पोहे गिळले, उरलेले घरभर पसरले.

संध्याकाळी पुष्कर आला. "एक हाक मारली असतीस तर काय बिघडलं असतं? सगळे पोहे वाया गेले."

"पोहे दुकानात मिळतात."

"बरं बाई, बदलतो नाव. काय ठेवू?"

"तुझं ठेव."

"माझं? म्हणजे अवनी दिवसभर मला केरात लोळवणार!"

"लोळवू दे की. प्रेमानेच लोळवेल."

पुष्करचं हसू मावळलं. त्याने खिशातून फोन काढला, उगाच त्यावर बोट फिरवलं आणि परत खिशात टाकला. मग वाकून यंत्राचं बटण बंद केलं.

मंदाकिनीबाईंनी पेन उचललं आणि खाली लिहिलं: केर कुंच्याने काढला. अर्धा किलो पातळ पोहे आणायचे आहेत.