सूर्यभानबाबांची नातवंडं

लंकाबाईच्या टोळीत हजार रुपयांना हजार म्हणत नाहीत, सूर्यभान म्हणतात.

याला कारण खुद्द सूर्यभानबाबा. बेलापूरच्या या शेतकरी बाबांनी एका वर्षी कांद्याच्या लागणीची मजुरी देताना लंकाबाईच्या हातावर हजाराची करकरीत नोट ठेवली. तोवर टोळीतल्या एकीनंही एवढी मोठी नोट हातात धरली नव्हती. बाया ती घेऊन अख्खा बाजार फिरल्या, पण मोड कुणी देईना. जो तो नोट उजेडात धरून बघायचा, मग बायांकडे बघायचा आणि परत द्यायचा. 'सूर्यभानची नोट, सूर्यभानची नोट' करता करता नोट गळाली आणि सूर्यभान तेवढा उरला. पुढे सरकारनं हजाराची नोटच बंद केली, तरी बायांचा सूर्यभान अजून चालतो.

शंभराला त्या भेळ म्हणतात. दिवसाचा रोज पहिल्यांदा शंभरावर गेला, त्या संध्याकाळी सगळ्याजणी बाजारात फतकल मारून भेळ खात बसल्या होत्या. पाचशेला चष्मा. नवी नोट आली तेव्हा नोटेच्या पाठीवर छबूबाईला चष्म्याचं चित्र दिसलं. बाकीच्या नव्या नोटांवरही तोच चष्मा असतो हे कळेपर्यंत नाव पडून गेलं होतं, आणि छबूबाई काही बोललेला शब्द मागे घेणारी बाई नव्हे. मुंबईवाल्यांनी लाखाला पेटी केलं नि कोटीला खोका. त्यांना पैसा भरून न्यायचा असतो, त्यांना ते शोभतं. लंकाबाईचा सगळा कारभार कमरेला खोचलेल्या कापडी पिशवीत मावतो.

ही नावं नुसती हौसेची नाहीत. मजुरी ठरवताना शेतकरी समोर उभा असतो. आपसात मसलत करायला बाजूला गेलं की तो ओळखतो, या मऊ पडल्या. म्हणून बाया बाजूला जातच नाहीत. त्याच्या तोंडावर विचारतात, "छबू, सूर्यभानबाबाला नातवंडं किती झाली गं?" छबूबाई म्हणते, "तेरा. धाकट्याला चष्मा लागलाय." म्हणजे एकरी साडेतेरा हजारांच्या खाली यायचं नाही. शेतकऱ्याला वाटतं, बायांच्या गप्पा. बायांना कुठं काळवेळ असतो! खऱ्या सूर्यभानबाबांना एकुलती एक नात आहे. पण त्यांना हा उद्योग ठाऊक आहे, नि भेटले की तेच विचारतात, "काय लंके, औंदा मला किती झाली?"

लंकाबाई पन्नाशीची, ठेंगणी, आवाज मात्र तीन शेतं ओलांडून जाणारा. वाफ्यात बसली की रोप असं झरझर टोचते की शेजारणीला आपला हात बांधून ठेवलाय की काय असं वाटावं. पण टोळी नुसत्या हातावर टिकत नाही, भावावर टिकते. यंदा टेम्पोचं भाडं वाढलं होतं आणि दुसऱ्या टोळीनं एकरी चौदा हजार मिळवल्याची बातमी आली होती. बायांनी स्पष्टच सांगितलं, "मावशे, चौदा न्हाई मिळालं तर आमी तिकडं जातो." वीस वर्षं जमवलेली माणसं एका सकाळीत पांगली असती. लंकाबाई हसून "बघू की" म्हणाली खरी, पण त्या रात्री तिला भाकर गोड लागली नाही.

आणि नेमकं काम आलं ते देवळाली प्रवऱ्याच्या अमृत आबांचं. पाच एकर कांदा. माणूस वाईट नव्हता, पण घासाघीस हा त्याचा जीव की प्राण. त्यात त्याची सून जया. जया टोळीतल्याच भामाबाईची मुलगी. भामाबाईचे गुडघे गेले आणि तिनं काम सोडलं, पण तोवर जया आईमागं वाफ्यावाफ्यातून हिंडूनच मोठी झाली होती. सूर्यभान, चष्मा, भेळ, तिला सगळं पाठ.

टेम्पोत छबूबाई म्हणाली, "आता काय बोलायचं? पोरगी सासऱ्याला सगळं उलगडून सांगंल."

"न्हाई सांगायची."

"आन् न्हाई सांगितलं तर सासऱ्याशी बेइमान. पोरीच्या मानेवर सुरी ठिवल्यावानी झालं की गं!"

लंकाबाईला हेच खुपत होतं. तिनं ठरवलं, आज सूर्यभानचं नावसुद्धा काढायचं नाही. साध्या आकड्यांत बोलायचं, जे होईल ते होईल.

अमृत आबा अंगणात खाट टाकून बसले होते. बाया दिसताच त्यांनी हाक दिली, "सूनबाई, या भाईर. तुमच्या म्हायेरची मानसं आली!" जया चहाचा ट्रे घेऊन आली. लंकाबाईला बघून तिचा चेहरा फुलला आणि लगेच सावध झाला.

"बारा," आबा म्हणाले.

"पंधरा," लंकाबाई म्हणाली.

"पंधरा! कांदं लावायचंत का सोनं पेरायचंय?"

आबा साडेबारावर आले, मग तेरावर, आणि तिथंच ठाण मांडून बसले. लंकाबाई चौदावर अडली. आता खाली यायचं की उठायचं? बायांना विचारायची सोय नाही. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. अखेर छबूबाईला राहवलं नाही. सवयीनं तिच्या तोंडून निसटलं, "लंके, सूर्यभानबाबाला तेराच नातवंडं हायेत असं धरायचं का मंग?"

लंकाबाईनं तिच्या मांडीला जोरात चिमटा काढला, पण उशीर झाला होता. आबांचे कान टवकारले. या टोळ्यांची काहीतरी बोली असते, एवढं त्यांच्या कानावर होतं.

"सूनबाई, ह्यो सूर्यभान कोन?"

जयानं हातातला कप खाली ठेवला. लंकाबाईला वाटलं, उठावं, पोरीला या पेचातून सोडवावं, काम गेलं तरी चालेल. तेवढ्यात जया बोलली.

"बेलापूरचं एक बाबा हायेत, आबा. गोतावळा लई मोठा. भेटलं की समद्यांना नातवंडं मोजायला लावत्यात." मग ती लंकाबाईकडे वळली. "पन मावशे, तुमचं मोजमाप जुनं झालं. आता चौदा हायेत. धाकट्याला चष्मा बी लागलाय."

साडेचौदा! आबा सकाळीच घरात म्हणाले असणार, लई ताणलं तर साडेचौदापर्यंत जाऊ. बायांचे डोळे चमकले. छबूबाईनं तर पदर सावरून बसकणच बदलली. पाच एकर, एकरी पाचशे जास्तीचे. लंकाबाईचं लक्ष मात्र पैशाकडे नव्हतं. सासर-माहेर दोन्ही सांभाळत ही पोर केवढ्या धीटपणानं उभी राहिली, हे बघून तिचा ऊर भरून आला.

"चौदा द्या, आबा," ती म्हणाली. "चौदाच. लेकीचं घर हाय, ताणत न्हाई आमी."

आबांना हे अनपेक्षित होतं. पाचशे वाचल्याच्या आनंदात त्यांनी लगेच हात पुढे केला. "ठरलं! बघा सूनबाई, तुमच्या म्हायेरानं मान राखला!"

जयानं मान खाली घालून कप गोळा केले. लंकाबाईच्या हातातला कप घेताना तिनं बोटं क्षणभर घट्ट धरली.

परतीच्या टेम्पोत छबूबाई कडाडली, "मिळत हुतं त्ये सोडलंस! कशापायी?"

"साडेचौदा बोलले असते तर म्हाताऱ्याला कळलं नसतं का, कुनी सांगितलं त्ये? तिला तिथं जलमभर नांदायचंय. पाचशापायी लेकीला उघडी पाडायची व्हय?"

छबूबाईनं बोटांवर हिशोब केला. मग हळूच म्हणाली, "मंग पोरीची चोळी-बांगडी झाली, असं समजायचं."

चौदा मिळाले होते. टोळीतली एकही बाई दुसरीकडे गेली नाही.

तेव्हापासून लंकाबाईच्या टोळीत पैशाचं एक नाव वाढलं आहे. मिळत असून माणसासाठी सोडून दिलेल्या पैशाला त्या 'जया' म्हणतात. परवा बाजारात भाजीवाल्या म्हातारीनं दहा रुपये परत द्यायला पिशवी उचकली, तर तीच छबूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे आजे, जया झाली."