दीड हातावरची कडी

आधीच सांगून टाकते. भूत, पिशाच, चकवा, अंगात येणं, यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. कधीच नव्हता. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली आणि माझ्या बाने घरातले देव टोपल्यात भरून वणा नदीत सोडले. तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं की देवांसोबत भुतंही सोडून ये, टोपलं रिकामंच आण. अशा बाईवर म्हातारपणी हे लिहायची वेळ आली आहे... भाचीची मुलगी टाईप करून देते आहे. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या, बाकी सगळं माझं.

आम्ही हिंगणघाटचे. माझा बा तिथल्या एका जिनात तेलवाला होता. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. सीझनभर लांब चोचीची कुप्पी घेऊन फिरायचं आणि फिरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तेल पाजायचं, हे त्याचं काम. मी नऊ वर्षांची असताना ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा कमरेखालचं सगळं गेलेलं होतं. आई त्याच्या आधीच गेली होती. दोन वर्षं बाने मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं. मग जिनाच्या फिटरला हाताशी धरून त्याने माझी खुर्ची बनवली. ऑफिसातली मोडकी हातांची खुर्ची, दोन्ही बाजूंना सायकलची चाकं, त्यांना बाहेरून वेताची गोल कडी बांधलेली, म्हणजे मला ती हाताने फिरवता यावीत. मागे तोल राहावा म्हणून जिनातल्या कापसाच्या हातगाडीचं एक लहान लोखंडी चाक. दिसायला ध्यान होती, पण मी तिच्यावर बसून मॅट्रिक झाले.

मॅट्रिकनंतर मला नाचणगावच्या प्राथमिक शाळेत नोकरी लागली. टेम्पररी. सगळ्या नातेवाइकांनी बाला वेड्यात काढलं — पांगळ्या पोरीला परगावी एकटी ठेवतो! मी तर हट्टालाच पेटले होते. हिंगणघाटहून वर्धा, वर्ध्याला गाडी बदलायची, मग पुलगाव, आणि तिथून खुर्चीवर नाचणगाव. हा सगळा प्रवास मी एकटी करत असे. हमाल मला उचलून थर्ड क्लासात बसवायचे आणि खुर्ची मागे गार्डाच्या डब्यात जायची. एकदा वर्ध्याला एका हमालाने मला खुर्चीसकट गार्डाच्या डब्यातच चढवायला घेतलं होतं. मी त्याला असं झापलं की पुढे वर्षभर तो मला लांबूनच नमस्कार करायचा.

नाचणगावला कौसाबाईंच्या घराची एक खोली मी घेतली. कौसाबाई मला पाण्याच्या दोन कळश्या भरून द्यायच्या, मी त्यांची पत्रं लिहून द्यायचे, कोणाचे कोणावर उपकार नाहीत. दार इतकं अरुंद की खुर्ची आत जाईना. ती बाहेर छपरीत उभी राहायची, आणि खोलीत मी हातांवर सरकत फिरायची. पहिल्याच दिवशी बाने उंबरठा काढून तिथे मातीचा उतार केला. मग दाराची कडी उपटली आणि जमिनीपासून दीड हातावर नवी ठोकली, मी खाली बसल्या बसल्या माझा हात पोचेल अशी. ठोकून झाल्यावर मला दहा वेळा लावायला-काढायला लावली.

"आता दार तुह्या हातात हाय, माय," तो म्हणाला.

बा दर पंधरा दिवसांनी रविवारी दुपारच्या पॅसेंजरने यायचा. खिशात कुप्पी, पाना आणि कापसाचा बोळा. आधी खुर्चीला तेल, मग पाणी, मग बोलणं. कुप्पीचं बूड अंगठ्याने दाबलं की टक्क वाजायचं आणि थेंब पडायचा. त्याची एक ठरलेली रीत होती. तीन थेंब, मग चाक फिरवून बघायचं, मग दोन. टक टक टक... टक टक. लहानपणापासून मी ते ऐकत आले होते. शेवटी कुप्पीची चोच पुसून तो बोळा चाकाच्या तारांत खोचून ठेवायचा.

त्या हिवाळ्यात, म्हणजे सत्तावन्न साल संपत आलं होतं तेव्हा, तो एकदा सोमवारीही राहिला आणि माझ्यामागून शाळेपर्यंत आला. फाटकापाशी नाली होती. मी ती रोज दोन-तीन हिसके देऊन पार करायची. त्या दिवशी पहिल्याच हिसक्याला मागून बाने ढकललं. समोर हेडमास्तर उभे होते.

माणूस वाईट नव्हता. दुपारी त्यांनी मला बोलावून हळूच सांगितलं की पुढच्या महिन्यात साहेब तपासणीला येतील, तुम्हाला कायम करायचं की नाही त्याचा रिपोर्ट मला द्यायचा आहे. बाई स्वतः ये-जा करतात असं मी लिहिणार होतो, आता काय लिहू? माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. संध्याकाळी खोलीवर आले तर बा छपरीत बसून मागच्या चाकाचा नट आवळत होता.

"बा, पक्की ऑर्डर येईपर्यंत तू येऊ नको," मी म्हटलं. "लोकं म्हणतात, हिले हिचा बाप ढकलते."

तो कुप्पीची चोच पुसत राहिला.

"बरं माय. नाई येत." मग थोड्या वेळाने, "मागचं चाक वाजन ना मंग."

"वाजू दे."

बस, एवढंच. भांडण म्हणावं असंही काही नाही. पण तो खरोखरच आला नाही. एक रविवार गेला, दुसरा, तिसरा, चौथा. मोठ्या चाकांना मी तेल घालत असे, पण मागच्या चाकाचा नट सीटखाली होता आणि बाने तो असा आवळला होता की माझ्याने जागचा हलेना. चाक कुरकुरायला लागलं. आधी थोडं, मग इतकं की मी गल्लीच्या तोंडाशी असताना वर्गातली पोरं जागेवर जाऊन बसायची. मला लाज वाटायची, पण कोणाला सांगितलं तर मदत मागितल्यासारखं होईल म्हणून मी दात आवळून फिरत होते.

तपासणी बुधवारी होती. त्याच्या आधीचा रविवार. मी खोलीत जमिनीवर बसून वह्या तपासत होते. कोंबड्या आत शिरतात म्हणून दाराला कडी होती. ऊन अगदी डोक्यावर आलेलं.

बाहेर वाजलं — टक टक टक... टक टक.

आला! सांगून ठेवलं तरी आला. मला राग आला. खरं सांगायचं तर बरंही वाटलं, आणि बरं वाटलं याचाच राग जास्त आला. मी ठरवलं, तो हाक मारेपर्यंत दार उघडायचं नाही. बाहेर चाक फिरल्याचा आवाज आला. पुन्हा टक टक. मग तो खाकरला, नेहमीसारखा, दोनदा. मग काही नाही. मला माहीत होतं, तो दाराकडे बघत उभा असणार. येऊ नको म्हटल्यावर हाक मारणाऱ्यातला तो नव्हता. आणि मी त्याचीच मुलगी. लाल पेन्सिल हातात धरून तशीच बसून राहिले.

थोड्या वेळाने पुलगावकडून पॅसेंजरची शिट्टी ऐकू आली. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी मी कडी काढली. छपरीत कोणी नव्हतं. समोर गल्लीत कौसाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बा कुठे गेला, मी विचारलं.

"कोनी नाई आलं वो बाई. मी सकाळपासून इथंच बसून राह्यली."

मला वाटलं, त्यांचा डोळा लागला असेल. खुर्ची ओढून मागचं चाक फिरवलं. हूं की चूं नाही! नट सैल करून पुन्हा आवळलेला, त्याच्या कडेने काळं ताजं तेल, आणि तारांत कापसाचा बोळा. पाणी न पिताच निघून गेला म्हणून मला चुटपुट लागली. उद्या पोस्टकार्ड टाकू, असं मनाशी म्हटलं.

सोमवारी शाळेत गेले तर पोरं गोंधळ घालत होती. एक मुलगी म्हणाली, "बाई, आज तुमी गुपचूप आल्या." मी हसले. आणि वळून बघितलं तर वर्गाच्या दारात माझा चुलतभाऊ देवराव उभा होता, टोपी हातात घेऊन.

बा रविवारी दुपारी गेला होता. आठ दिवस छातीत कफ होऊन तो अंथरुणाला खिळलेला होता. कूस बदलायलाही माणूस लागत होता.

"मले काऊन नाई सांगतलं?" मी विचारलं.

"थोच नाई म्हने. पोरीनं येऊ नको सांगतलं हाय, पक्की होऊ दे म्हने तिले."

स्टेशनपर्यंत देवरावने मला ढकलत नेलं. मी त्याला काही बोलले नाही. गाडीत तो माझ्याशेजारी बसून शेवटच्या दिवसाचं सांगत होता. बाची शुद्ध सकाळीच गेली होती म्हणे. पण उजवा अंगठा सारखा गोधडीवर दाबत होता. तीनदा दाबायचा, थांबायचा, मग दोनदा. "आमाले वाटलं, तापानं हात हालते," देवराव म्हणाला. मी त्याला कालची गोष्ट सांगितली नाही. सांगता येईना... तोंडात पदर कोंबून वर्ध्यापर्यंत बसले.

घरी पोचले तेव्हा कुप्पी खिळ्याला टांगलेली होती. चोच पुसलेली होती, पण ती तर तो नेहमीच पुसायचा.

त्यानंतर मी स्वतःला बरंच समजावून बघितलं. कापूस काय, त्या दिवसांत आमच्याकडे वाऱ्यावर उडतो. मशीनचं तेल पुलगावात कोणाकडेही मिळतं. कोणीतरी दया येऊन चाक दुरुस्त केलं असेल. मी गल्लीतल्या एकेकाला विचारलं, शाळेत विचारलं, हेडमास्तरांनाही विचारलं. कोणी हो म्हटलं नाही. आवाज हा भास म्हणावा, तर नट कोणी सोडला? बाच आला म्हणावं, तर तो अंथरुणावर होता. आणि ते सोडलं तरी, पॅसेंजरची शिट्टी मी ऐकली ती बाहेरचं तेल घालणं संपल्यावर. ज्या गाडीने तो यायचा ती अजून आलेलीच नव्हती.

तपासणी झाली. साहेबांसमोर मी नाली एका दमात पार केली, चाकाचा आवाज न करता. बाई स्वतः ये-जा करतात, असा रिपोर्ट गेला. उन्हाळ्यात पक्की ऑर्डर आली, आणि ती कोणाला दाखवावी तेच मला कळेना.

त्या खोलीत मी पुढे एकवीस वर्षं एकटी राहिले, एकटी फिरले, रिटायर होईपर्यंत नोकरी केली. आताची माझी खुर्ची अॅल्युमिनियमची आहे, तिचे बेअरिंग सीलबंद असतात, तेल लागत नाही. भुतांवर माझा आजही विश्वास नाही. त्या दुपारी बाहेर कोण होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि आता या वयात ते मिळेल असं वाटतही नाही.

पण मला ते छळत नाही. मला वेगळंच छळतं. कडी वर असती, हात पोचत नसता, तर मी म्हटलं असतं की बा, माझा इलाज नव्हता. ती दीड हातावर होती. त्यानेच ठोकली होती. मी नुसता हात लांब करायचा होता.