समोरच्या दारात उतरलेला सिनेमा

जगात कुठेही सिनेमा तयार झाला की त्याचा पहिला नैवेद्य मुलुंड पूर्वेला आमच्या समोरच्या दाराच्या काकांना दाखवायचा, असा काहीतरी अलिखित करार या धंद्यातल्या लोकांनी केलेला असावा, अशी कॉलेजात असताना माझी समजूत होती. शुक्रवारी थेटरात लागलेला सिनेमा शनिवारी सकाळी काकांच्या कॉम्प्युटरवर हजर असायचा. डाउनलोड हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. झाडावरचा फणस उतरवावा तितक्या सहजपणे ते "उतरवला" म्हणायचे. काका मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते आणि स्वतः एका कचेरीतून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात, काका उतरवायला लागले.

उतरवलेले सिनेमे पेनड्राइव्हवर जात आणि पेनड्राइव्ह पानाच्या जुन्या स्टीलच्या डब्यात. प्रत्येकावर जखमेला लावायची चिकटपट्टी आणि पट्टीवर बॉलपेनने वार लिहिलेला. सोम आणि गुरु लिहिलेले सिनेमे सात्त्विक, घरच्यांबरोबर बसून बघण्याचे. बुध, शुक्र आणि रवि हे मासळीचे वार, म्हणून त्या सिनेमांत सगळं चालायचं. एकदा चुकून आईच्या भजनी मंडळाला गुरुऐवजी रविवारचा पेनड्राइव्ह गेला. बायकांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि मग तक्रार केली. काकांनी माफी मागून दुसरा दिला, तर दोघींनी हळूच विचारलं, पहिल्याचा पुढचा भाग आहे का.

बिल्डिंगमध्ये कुणी आजारी पडलं की लोक मऊ भात पाठवतात, काका सिनेमा पाठवायचे. माझे बाबा सहा महिने अंथरुणाला खिळून होते तेव्हा रोज दुपारी चारला ते डबा घेऊन यायचे, सिनेमा लावायचे आणि बाबांच्या उशाशी बसायचे. बाबांच्या शेवटच्या दिवसांत आमच्या घरात जे काही हसू ऐकू आलं ते त्या डब्यातलं होतं. मला पडदा बघवत नसे, म्हणून मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून नुसती ऐकत राहायची. दार लोटल्याचा आवाज, जिन्यावरची पावलं, कुणीतरी कपात साखर ढवळतंय. सिनेमात गाणी आणि बोलणं सोडून एवढं सगळं असतं हे मला तिथे कळलं. सिनेमांसाठी आवाज गोळा करण्याच्या कामात मी पडले ती तिथून. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, म्हणजे गाणी का? मी म्हटलं, गाण्यांच्या मधलं सगळं. त्यावर ते "झकास" म्हणाले, पण त्यांना काही कळलं नव्हतं.

या कामात आल्यावर मी त्यांच्याशी वाद घालू लागले. तुम्ही फुकट बघता, तिकडे थेटरं ओस पडतात, आमच्यासारख्यांची कामं जातात. काका शांतपणे गावचा कायदा सांगायचे. कुणाच्याही बागेतला असो, पण वाटेवर पडलेला आंबा उचलणाऱ्याचा. त्यांच्या गावात त्यावर कधी भांडण झालेलं नाही. "पडलेलो आंबो उचलणाऱ्याचो," असं म्हणून ते डबा बंद करायचे आणि वाद तिथे संपायचा.

मग माझा सिनेमा आला. आवाजाच्या कामाला फक्त माझं एकटीचं नाव असलेला पहिला सिनेमा. गोराईच्या एका म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट होती. त्याची दृष्टी गेलेली, खाडी तो कानांनी ओळखतो. शेवटी मुलाची होडी परत आल्याचं त्याला नुसत्या दोराच्या करकरण्यावरून समजतं. त्या एका करकरीसाठी मी आठ दिवस गोराईच्या चिखलात माईक धरून बसले होते. आमच्या भागात सकाळी अकराचा एकच खेळ मिळाला. सोमवारी थेटरवाल्यांनी कळवलं की बुधवारपर्यंत प्रेक्षक आले नाहीत तर गुरुवारी सिनेमा काढणार. तीन वर्षांचं काम कुणी ऐकायच्या आत संपणार होतं. मी जिन्यावर बसले होते, काका भाजी घेऊन वर येत होते. मी म्हटलं, काका, माझा सिनेमा गुरुवारी उतरतोय.

काकांचा चेहरा उजळला. "गुरुवारी कशाला? माझ्याकडे शनिवारीच उतरलाय की. अख्ख्या बिल्डिंगला वाटला."

बत्तीस घरांत त्यांनी तो स्वतः नेऊन दिला होता. पट्टीवर वार नव्हता. "आपल्या चेडवाचो सिनेमा" असं लिहिलं होतं. आपल्या पोरीचा सिनेमा. इतक्या प्रेमाने माझी वाट आजवर कुणी लावली नव्हती. आणि ते कौतुक थांबवेनात. त्यांना सगळ्यात आवडला होता तो शिंकणारा माणूस. म्हातारा होडीची वाट बघतोय, सगळं शांत आहे आणि मागून कुणीतरी फटकन शिंकतं. एवढा खरा आवाज म्हणे त्यांनी कुठल्या सिनेमात ऐकला नव्हता.

सिनेमात कुणीही शिंकत नाही. थेटरात बसून कुणीतरी मोबाईलवर तो चोरून टिपला होता आणि त्याच्या शेजारचा शिंकला होता. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत तीच प्रत फिरत होती. माझी दोराची करकर त्या शिंकेखाली गेली होती.

"काका, हा आंबा पडलेला नव्हता," मी म्हटलं. "पाडलेला होता. आणि झाड आमचं होतं."

काकांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "ह्या माका म्हायत नाय होता गो," एवढंच म्हणाले आणि घरात गेले. मला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो.

मंगळवारी सकाळी ते बत्तीस दारं फिरले. पेनड्राइव्ह परत घेतले आणि सत्यनारायणाचं बोलावणं करावं तसं प्रत्येकाला बुधवारी अकराचं आमंत्रण दिलं. बघितलाय आम्ही, असं ज्यांनी सांगितलं त्यांच्या दारातून ते हललेच नाहीत. बुधवार असूनही बायकांनी मासळी लवकर उरकली. एकोणीस माणसं निघाली. थेटरच्या दारात काकांनी शाल पांघरून सगळ्यांना सूचना दिली की ज्याला शिंक येईल त्याने बाहेर जायचं.

मी दोन रांगा सोडून बाजूला बसले आणि पडदा सोडून काकांकडेच बघत होते. पहिल्या पाच मिनिटांत त्यांचे डोळे मिटले. हात गुडघ्यांवर, मान ताठ, पापण्या बंद त्या बंदच. खाडी आली, पाऊलवाट आली, शेवटी दोर करकरला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला इतकं वाईट वाटलं की दिवे लागल्यावर मी सरळ विचारलं, काका, झोप लागली का?

"झोपतोय कशाला?" काका डोळे पुसत म्हणाले. "बघून झाललो माझो. आज आयकूक इलंय." ऐकायला आले होते काका.

एकोणीस माणसांनी सिनेमा थेटरात टिकत नसतो. गुरुवारी तो गेला. आता आमची बिल्डिंग पाडलीय आणि काका विरारला लेकीकडे राहतात. ते पूर्ण सुधारले असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्यांच्या डब्याने माझ्या सिनेमाचं नुकसान केलं आणि त्याच डब्याने मला सिनेमाही दिला, बाबांच्या खोलीतलं हसूही दिलं, आणि या सगळ्याबद्दल मी काकांची फार फार ऋणी आहे. आजकाल लोक पैसे भरून बघोत की चोरून, बघतात मोबाईलवरच, आणि माझं निम्मं काम त्या इवल्या स्पीकरातून बाहेरच येत नाही. हळू आवाजाची एखादी जागा आली की दिग्दर्शक म्हणतात, काढून टाक ना, हे ऐकतंय कोण? मी सांगते, एक जण ऐकतात. आणि तो आवाज ठेवते.