मिटवलेलं तोंड

आबांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी आधी लग्नाची कामं सोडली, मग पासपोर्ट फोटो माझ्याकडे दिले. पोलिसांचं काम त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं. आबा म्हणजे माझे सासरे. पाचोऱ्याच्या पुढे रेल्वेलाइनीवर आमचं गाव, आणि बसस्टँडसमोर आमचा फोटो स्टुडिओ. नवरा एस.टी.त ड्रायव्हर. तो दोन-दोन दिवस बाहेर असायचा, त्यामुळे दुकानात आम्ही दोघंच, आबा आणि मी.

पोलिसांचं काम म्हणजे बेवारस मृतदेहांचे फोटो. रुळांच्या कडेला, कालव्यात, एखाद्या शेतातल्या विहिरीत कुणी सापडलं आणि ओळख पटली नाही, की ठाण्यातून आबांना फोन यायचा. आता शिपायांच्या खिशातही मोबाइल असतो, पण त्यांनी काढलेल्या फोटोत चेहऱ्यावर त्यांचीच सावली पडलेली असते. तो फोटो आईला दाखवला तरी तिला तिचा मुलगा ओळखू येणार नाही, असं हवालदार स्वतःच म्हणायचे. म्हणून आबा लागायचे.

एक दिवस पिता पिता चहा त्यांच्या हातून सांडला. पुसता पुसता ते म्हणाले, "पोरी, आता हे पण तुलाच शिकावं लागेल."

मी म्हटलं, "मला नाही जमणार आबा. मला बघवणार नाही."

"बघायला कोण सांगतंय? फोटो काढायचाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, जमिनीवर चटई टाकली, तिच्यावर उताणे झोपले आणि डोळे मिटून म्हणाले, "काढ माझा." मला कसंतरीच झालं. पण काढला. उठून त्यांनी तो फोटो कॉम्प्युटरवर बघितला, मग शेजारच्या चपलांच्या दुकानदाराला बोलावून विचारलं, "हा कोण?" तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तुमचा भाऊ का, आबा?"

आबा हसले नाहीत. त्यांनी मला समजावलं की माणूस उताणा झोपला की गालांचं मांस कानांकडे ओघळतं, नाक मोठं दिसतं, चेहरा दुसऱ्याचाच होतो. म्हणून डोक्याखाली वीट नाहीतर लाकडाचा ठोकळा द्यायचा, स्टुलावर चढून बरोबर वरून फोटो घ्यायचा, फ्लॅश सरळ मारायचा नाही, पांढऱ्या कापडावर मारायचा. आठ दिवस रोज दुपारी ते चटईवर झोपत होते आणि मी त्यांचे फोटो काढत होते. आठव्या दिवशीचा फोटो बघून चपलावाला म्हणाला, "आबा, झोपेत फोटो काढून घेताय काय?" तेव्हा आबांनी शटर पूर्ण उघडलं.

मग सरकारी दवाखान्याच्या शवागारातलं शिकणं. नाकाला अत्तर, बाम काही लावायचं नाही, नाहीतर पुढे घरातही त्या वासाबरोबर हेच आठवतं. पंचनामा झाल्याशिवाय हात लावायचा नाही. हवालदारांनी सांगितल्यावर ओल्या कापसाने चेहऱ्यावरची माती पुसायची. समोरून, डावीकडून, उजवीकडून. गोंदण, जखमेचे जुने वण, दात. कपडे पसरून, वेगळे. पहिल्या वेळी मी बाहेर येऊन कडुनिंबाखाली उलटी केली. तिसऱ्या वेळी नाही केली. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आबा एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. "मेलेल्याला सुंदर करायचं नाही. आपण लग्नातले फोटोवाले, आपला हात आपोआप तिकडे जातो. जाऊ द्यायचा नाही." मी मान हलवायचे. मला वाटायचं, हे मला कळलंय.

ती मुलगी आली तेव्हा मी एकटीने जायला लागून वर्ष झालं होतं. आबांना तोवर अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, ते घरी पडून होते. सकाळी हवालदारांचा फोन आला, "ताई, एक बाई आहे. रुळांच्या बाजूला ज्वारीच्या शेतात सापडली. दवाखान्यात आणलीय. या."

बाई कसली, वीस-बावीसची मुलगी. गाडीतून पडली की तिने उडी घेतली, ते शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. डोक्याच्या मागे मार होता, चेहरा मात्र जवळपास शाबूत. अंगावर सलवार-कुडता. जवळ पिशवी नाही, फोन नाही. तोंड उघडं होतं. त्यात माती गेली होती आणि ओठांवर मुंग्या होत्या.

मी मुंग्या झटकल्या. माती पुसली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण ते उघडं तोंड मला सहन होईना. हिच्या घरचं कुणी येईल, तिची आई येईल, तिने असं बघायचं का? मी तिथल्या कर्मचाऱ्याकडून पट्टी मागून घेतली, हनुवटीखालून नेऊन डोक्यावर घट्ट बांधली, जबडा मिटवला, ओठ बोटांनी जुळवले. पट्टी दिसू नये म्हणून तिचीच ओढणी डोक्यावरून कानांवर घेतली. मग फोटो काढले. फार चांगले आले. डोळा लागल्यासारखी दिसत होती.

दातांचा फोटो काढला नाही. पट्टी सोडावी लागली असती. कपड्यांचा काढला, पण रक्ताने आखडलेले ते कपडे पसरवले नाहीत, घडीवरच काढला. हवालदार घाईत होते आणि मीही.

चार दिवसांनी प्रिंट द्यायला ठाण्यात गेले तर बाकावर एक म्हातारी बसली होती. म्हातारी कसली, पन्नाशीची असेल, पण उन्हातान्हात राबून वाळलेली. धुळ्याकडच्या खेड्यातून आली होती. तिची मुलगी सासरी भांडण झालं म्हणून निघाली होती आणि माहेरी पोचली नव्हती. रेल्वेने येत, वाटेतल्या सगळ्या ठाण्यांत विचारत विचारत ती आमच्यापर्यंत आली होती.

हवालदारांनी माझ्या हातातलाच फोटो घेऊन तिच्यापुढे धरला.

तिने पदराने डोळे पुसले, फोटो खिडकीकडे नेला, लांब धरला, जवळ धरला.

"नई," ती म्हणाली. "हाई मनी पोर नई शे."

"नीट बघा, मावशी," हवालदार म्हणाले.

"मनी पोरले मी वळखाव नई का?" ती म्हणाली आणि रडायला लागली. सुटल्याचं रडणं होतं ते. उठताना तिने माझा हात धरला, का ते तिलाही माहीत नसेल, आणि म्हणाली, "कोन्ही माय वाट देखत व्हई हिनी." आपली नाही म्हटल्यावर तिला त्या दुसऱ्या आईची कणव आली. मग ती पुढच्या गाडीने पुढच्या ठाण्याला गेली. नाही म्हणाली म्हणून तिला कुणी दवाखान्यात नेलं नाही.

ठरलेले दिवस वाट बघून नगरपालिकेने त्या मुलीला पुरलं.

उन्हाळा संपत आला तेव्हा ती बाई परत आली. कुठेच काही लागलं नव्हतं म्हणून तिने पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली होती. आमचे हवालदार तोवर बदलून गेले होते. नवीन आलेल्याने फोटो बाजूला ठेवला आणि मुद्देमालाच्या खोलीतून कपड्यांचं गाठोडं आणून तिच्यासमोर सोडलं. कुडत्याच्या काखेत वेगळ्या रंगाच्या कापडाचा जोड होता. मुलीला कुडता घट्ट होत होता म्हणून या बाईनेच तो हाताने लावला होता.

हे मला हवालदाराने फोनवर सांगितलं आणि म्हणाला, "ताई, त्या तुमच्याकडे येतायत. फोटो कुणी काढला, विचारत होत्या."

मी दुकान बंद करून निघून जाऊ शकले असते. तसा विचार आलाही. पण ती समोरून रस्ता ओलांडताना दिसली आणि मी उभीच राहिले.

ती आत येऊन खुर्चीवर बसली. पाणी दिलं, ते प्यायली. मग कमरेच्या पिशवीतून एक फोटो काढून काउंटरवर ठेवला. कुठल्यातरी जत्रेत काढलेला, रंगीत पडद्यापुढे. मुलगी हसत नव्हती, तरी तिचे दात दिसत होते. वरचा एक दात शेजारच्यावर चढून पुढे आला होता. त्या दातामुळे तिचे ओठ कधी पूर्ण मिटतच नसणार.

"तिनं तोंड कधी मिटे नई," ती म्हणाली. "झोपमा बी नई. तुना फोटूमा कसं मिटनं?"

मी सांगितलं. खोटं बोलता आलं असतं. मेल्यावर चेहरा बदलतो, असं म्हणता आलं असतं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. पण मी पट्टीचं सांगितलं, ओढणीचं सांगितलं. "मावशी, तुम्हाला बघवणार नाही म्हणून केलं," मी म्हटलं, आणि म्हणताना माझं मलाच ते किती पोकळ वाटलं.

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने काउंटरवरचा फोटो स्वतःकडे वळवला. मग तिने विचारलं, "मी वनू तवय ती आठेच व्हती का?"

"तुम्ही आलात तेव्हा इथेच होती."

"कोठे?"

"दवाखान्यात."

"कितलं दूर?"

ठाण्यापासून दवाखाना चालत दहा मिनिटांवर आहे. मी तेही सांगितलं.

तिने मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले. पंखा चालू होता आणि काउंटरवरचा फोटो हलत होता, म्हणून मी त्यावर बोट ठेवलं. तिने माझं बोट बाजूला केलं आणि फोटो पिशवीत ठेवला.

"चाल," ती म्हणाली. "कोठे पुरेल शे ते दाखाड."

मी तिला स्कूटीवर मागे बसवून गावाबाहेरच्या जागेत नेलं. नगरपालिकेचा माणूस आला. त्याने रजिस्टरमधला नंबर बघितला आणि हाताने बाभळीपासून कुंपणापर्यंतची जागा दाखवली. "या पट्ट्यात," तो म्हणाला. नेमकी कुठली, ते त्याला सांगता येईना. वळवाच्या पावसाने खुणेच्या पाट्या पडल्या होत्या. ती बाई त्या पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली, प्रत्येक दोन-तीन पावलांवर वाकून जमिनीला हात लावत. मी कुंपणाजवळ उभी होते. तिने मला बोलावलं नाही, आणि मी गेले नाही.

परत येताना ती स्कूटीवर बसली नाही. स्टेशनपर्यंत चालत गेली. मी स्कूटी ढकलत तिच्या मागे होते. गाडी आली, ती चढली.

घरी येऊन मी आबांच्या खाटेजवळ बसले आणि सगळं सांगितलं. झटक्यानंतर त्यांचं बोलणं अर्धवट यायचं, पण कान शाबूत होते. सांगून झाल्यावर वाटलं, आता ते म्हणतील, मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "मीपण... एकदा." आणि पुढचे शब्द त्यांना जुळेनात. त्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला, मग चांगल्या हाताने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. त्यांचं ते एकदा कुठलं, कुणाचं, ते मला कधी कळलं नाही. दिवाळीच्या आधी ते गेले.

मी अजून जाते. आता पहिला फोटो काहीही न पुसता काढते, जसं सापडलं तसा. मग दात, मग कान, मग कपड्यांची एकेक शिवण. हवालदार कंटाळतात, म्हणतात, "ताई, बस ना आता." मी काढत राहते. मागच्या महिन्यात कालव्यातून एक म्हातारा निघाला. त्याचं तोंड उघडं होतं, आत मोजके दात. मी स्टुलावर चढले, माझी सावली पडत नाही ना ते बघितलं, आणि ते तसंच उघडं ठेवून फोटो काढला. त्याचं कुणी अजून आलेलं नाही.