मिरच्यांच्या धुरात बसलेली लेक

माझी लेक ऑटिस्टिक आहे, चांगली विशी ओलांडलेली, आणि दुखण्याच्या बाबतीत तिचं गणित आमच्या कुणाशीच जुळत नाही. ड्रेसच्या गळ्याचं लेबल टोचलं की घर डोक्यावर घेते. तव्याचा चटका बसून हातावर टपोरा फोड आला तरी तो मलाच आधी दिसतो. "हे कधी झालं गं?" विचारलं की ती फोडाकडे माझ्यापेक्षा जास्त कुतूहलानं बघते.

लोक म्हणतात, सहनशक्ती दांडगी आहे. सहनशक्ती कसली डोंबलाची! सहन करायला आधी कळावं लागतं. तिला काय कळतं आणि कसं, हे शोधायचा मला नादच लागलाय.

मागच्या वर्षी एका दुपारी तिनं सुरमईचं ताट बाजूला सारलं आणि गप्प बसून राहिली. सासूबाई उरणकडच्या, आमच्याकडे नवीन पनवेललाच असतात. त्यांनी लगेच दृष्ट काढली. मीठ-मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या. नजर लागलेली असली तर मिरच्यांचा ठसका लागत नाही, असं मानतात. इथे तर सगळे खोकून बेजार, शेजारणीनं दार उघडून डोकावलं. सासूबाई निर्धास्त झाल्या.

"ठसका लागला, मंजी नजर नाय. पोरीला काय नाय झाला."

मी लेकीकडे पाहिलं. लसणाची फोडणी पडली तरी नाक दाबून गॅलरीत पळणारी पोर त्या धुरात खुर्चीवर तशीच बसली होती. खोकत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण उठत नव्हती. मी रिक्षा बोलावली आणि तिला थेट दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तिचं पोट दाबलं. "दुखतंय?"

"नाही." चेहरा कोरा.

"गॅस असेल," म्हणत ते गोळी लिहायला लागले. माझं डोकं फिरलं.

"डॉक्टर, तिच्या चेहऱ्यावर जाऊ नका. ही मिरच्यांच्या धुरातून उठली नाही. सोनोग्राफी केल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

मिरच्यांचं त्यांना काही कळलं नसावं, पण मी हलणार नाही हे कळलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. संध्याकाळीच ऑपरेशन झालं.

टाक्यांबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही. सलाईनची चिकटपट्टी ओढली तेव्हा मात्र वॉर्ड दणाणला. ती शांत झाल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी पोटात काय होत होतं?"

तिनं बराच विचार केला. "पोट होतं," ती म्हणाली. "एरवी नसतं."

मला हसू आलं आणि रडूही आलं. आता मी तिला दुखतंय का, असं विचारतच नाही. सकाळी चहा देताना विचारते, "आज काय काय आहे?"

ती डोळे मिटून आत चाचपून बघते आणि बहुतेक दिवशी सांगते, "काहीच नाही."

मग मी माझा चहा प्यायला घेते.